लाल सिलिंडर हातात घेऊन

गावी परत आल्यावर बचत गटाच्या बायकांनी मला मधोमध बसवलं. "सांगा आता, काय काय बघितलं," म्हणाल्या. मी म्हणाले, "बरंच बघितलं. थंडी फार." आणि चहाचा कप तोंडाला लावला. चारचौघींत बोलायची वेळ आली की माझा घसा बंद होतो, हे लहानपणापासूनचं आहे. बायका बिचाऱ्या थोडा वेळ थांबल्या आणि मग कांद्याच्या भावावर बोलू लागल्या. घरी आल्यावर मला चुटपुट लागली. सांगण्यासारखं होतं, आणि चांगलं होतं. शाळा चौथीपर्यंतच झाली असली तरी कागदासमोर मला लाज वाटत नाही. म्हणून इथे लिहिते.

इंग्लंडचा राजवाडा आणि ते मोठं घड्याळ मी एकदा बसमधून लांबून पाहिलं. त्याविषयी माझ्याकडे सांगायला काही नाही. मी सगळा उन्हाळा मोटारींच्या शर्यती पाहिल्या.

स्लाऊ

माझा मुलगा नितीन स्लाऊला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. सून केतकी पुण्याची, ती बँकेत आहे. एप्रिलच्या शेवटी मी त्यांच्याकडे गेले. आमचे हे आले नाहीत, कारण म्हैस व्यायला झाली होती. "तू जा. म्हैस काय व्हिडिओ कॉलवर व्यायची नाही," म्हणाले.

स्लाऊ मला फार परकं वाटलं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात मेथी, गवार, कढीपत्ता सगळं मिळायचं आणि दुकानदार पंजाबी होता, मला आंटीजी म्हणायचा. घरं मात्र एकाला एक चिकटलेली, आणि विमानं इतकी खालून जायची की पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक विमानाला मान वर करून बघायची. नितीन म्हणाला, "आई, मान दुखेल. त्यांना काही तुझी गरज नाही."

एका शनिवारी सकाळी केतकी जिन्यावरून खाली आली. अंगात वरपासून खालपर्यंत एकसंध शिवलेला जाड निळा सूट, पायात पातळ बूट, काखेत हेल्मेट. मला वाटलं गॅसवाला आला.

"आई, तुम्हाला नितीनने सांगितलं नाही?" तिने विचारलं.

नितीन ओट्यापाशी सँडविच करत होता. त्याने मागे वळून बघितलं नाही.

"काय सांगायचं होतं?"

"मी रेसिंग करते. वीकेंडला. लांब पल्ल्याच्या शर्यती असतात."

"आणि हा काय करतो?"

"मी पेट्रोल भरतो," नितीन म्हणाला.

मी केतकीला विचारलं, "तुझ्या आईला माहीत आहे?"

"तिला वाटतं मी बॅडमिंटन खेळते."

मला हसू आलं, पण छातीत धस्सही झालं. त्या दिवशी त्यांनी मला बरोबर नेलं. घरी एकटी बसून काळजी करण्यापेक्षा समोर बसून काळजी केलेली बरी, असं मी मनाशी म्हटलं.

केंट

अमेरिकेत म्हणे अशा शर्यतींचा मोठा हंगाम असतो. तासन् तास पळतात, एका गाडीला दोन-तीन चालक, मध्येच थांबून पेट्रोल भरायचं, चालक बदलायचा. इंग्लंडमध्ये त्याचं वेड असलेल्या लोकांनी आपला छोटा हंगाम काढलाय. गाड्या अमेरिकन, माणसं मात्र हौशी. कुणी दातांचा डॉक्टर, कुणी प्लंबर, कुणी बँकवाली.

केंटमधला रस्ता एका मोठ्या परातीसारख्या खोलगट जागेत होता, भोवती झाडी. पाऊस आला, गेला, परत आला. लोक खुर्च्यांवर छत्र्या धरून बसून होते, कुणी उठलं नाही. आमच्याकडे कुस्तीच्या फडाला लोक असे बसतात.

गाड्या सुटल्या आणि मी कान झाकले. मग बघता बघता एक गोष्ट माझ्या ध्यानात येईना. काही गाड्या खूप वेगाने बाकीच्यांना मागे टाकत होत्या, आणि मागे पडणाऱ्यांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट एक माणूस निळा झेंडा दाखवायचा आणि पुढची गाडी मुकाट बाजूला व्हायची. नितीनने समजावलं की यात चार गट आहेत. इंजिन मोठं तर गट वरचा. सगळे एकाच वेळी, एकाच रस्त्यावर पळतात, पण ज्याची त्याची शर्यत आपल्या गटाशी.

हे मला लगेच कळलं. आमच्याकडे बैलांच्या शर्यतीत दात बघतात. दुधाचे दात असलेला तो आदत, दोन दात आलेला दुसा, चार आले की चौसा. आदत आदतांशीच पळतो. फक्त इथे आदत, दुसा, चौसा सगळे एकदम सोडून दिलेले. मी नितीनला म्हणाले, "म्हणजे आपली गाडी आदत."

"हो," तो म्हणाला. "पण वयाने म्हातारी."

गाडी होती ब्रायन नावाच्या माणसाची. फिकी पिवळी, लांब तोंडाची, दार उघडताना कुरकुरणारी. ब्रायन सत्तरी ओलांडलेला, उंच, थोडा वाकलेला, केस पांढरेशुभ्र. शर्यतीचा अर्धा वेळ तो चालवायचा, अर्धा केतकी. तो तीस वर्षं शर्यती करत आलाय. दुसरा आला होता, तिसरा आला होता, मध्येच बंद पडून ट्रकवरून परत आला होता. पण आपल्या गटात पहिला तो एकदाही आला नव्हता. आणि हा त्याचा शेवटचा हंगाम होता. डोळ्यांच्या डॉक्टरने पुढच्या वर्षीची परवानगी देणार नाही असं सांगून टाकलं होतं.

हे सगळं मला त्याची बायको मॉरीन हिच्याकडून कळलं, अर्थात केतकीच्या तोंडून. मॉरीन ठेंगणी, गोल, सतत किटली लावणारी. तिचं काम वेगळंच होतं. गाडीत पेट्रोल भरत असताना जवळ एकाने आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन उभं राहावं असा नियम आहे. त्याशिवाय पेट्रोल भरू देत नाहीत. तीस वर्षं मॉरीन उभी राहिली.

"कधी आग लागली?" मी विचारायला सांगितलं.

मॉरीनने डोकं हलवलं. "कधीच नाही. म्हणूनच मी हे काम चांगलं करते असं मी ब्रायनला सांगते."

त्या दिवशी आम्ही तिसरे आलो. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. ब्रायनने चटणी चमच्याने नुसतीच खाल्ली, त्याचे डोळे भरून आले, तो पाणी प्याला आणि त्याने पुन्हा खाल्ली. मॉरीनने मला काकडीचं सँडविच दिलं. त्यात काकडी आणि लोणी एवढंच. मी ते कौतुकाने खाल्लं आणि घरी येऊन मिरची चावली.

नॉर्फक

जूनमध्ये मॉरीनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिला खुर्चीत बसायची परवानगी होती, उभं राहायची नव्हती. ऐन वेळी माणूस मिळेना. केतकीने माझ्याकडे बघितलं.

"आई, तुम्ही राहाल का उभ्या? बोलायचं काही नाही. नुसतं उभं राहायचं."

बोलायचं नाही म्हटल्यावर मी हो म्हणाले. मग कळलं की तो जाड सूट मलाही घालावा लागणार. आयुष्यात मी कधी पँट घातली नव्हती. मॉरीनने तंबूच्या मागे नेऊन मला तिचा सूट चढवला. ती ठेंगणी, पण मी तिच्याहूनही ठेंगणी, त्यामुळे लांबीला तो मला पुष्कळ होता, बाह्या हाताच्या पुढे जात होत्या. मंगळसूत्र आत सारलं, बांगड्या काढून रुमालात बांधल्या, डोक्याला टोपडं, डोळ्यांना चष्मा. कुंकू तेवढं राहिलं, तेही टोपड्याच्या आत. बाहेर आले तेव्हा नितीन बघतच राहिला. मी त्याला म्हणाले, "फोटो काढलास तर घरी येऊ देणार नाही." त्याने काढला.

मॉरीनने खुर्चीत बसून शिकवलं. ही पिन ओढायची, नळी ज्वाळेवर नाही, ज्वाळेच्या बुडाशी धरायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेट्रोल भरून होईपर्यंत गाडीला पेट्रोल भरणाऱ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. चालकानेही नाही. तिने बोट वर करून तीनदा सांगितलं.

नॉर्फक म्हणजे सपाट प्रदेश. नजर जाईल तिथपर्यंत जमीन आणि उरलेलं सगळं आभाळ. शेतात बीट लावलेलं होतं. बिटाची साखर करतात हे ऐकून मला गंमत वाटली. आमच्या भागात उसाच्या कारखान्यावरून एवढं राजकारण होतं, इथे बिटावरून होत असेल का, असं मी नितीनला विचारलं. "आई, इथे सगळ्यावरून होतं," तो म्हणाला.

शर्यत सुरू झाली. ब्रायन आधी चालवत होता, आणि त्या दिवशी त्याला काय झालं होतं कोण जाणे, तो आमच्या गटात पहिला पळत होता. मागे एक हिरवी गाडी होती, दोघा भावांची. मॉरीन खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही हातांनी चहाचा कप धरून होती, पीत नव्हती.

ब्रायन पेट्रोलला आत आला. इंजिन बंद झालं. तो उतरून बाजूला गेला. नितीनने डबा लावला. मी ठरल्या जागी उभी राहिले, सिलिंडर घट्ट धरून. वाऱ्याने नळी हलली, म्हणून मी एक पाऊल सरकले. माझा बूट गाडीच्या चाकाला लागला.

पुढचं माझ्या हाताने केलं, मी नाही. वाकले, गाडीला हात लावला आणि तो हात टोपड्यावरून कपाळाला नेला.

नितीन डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं सिलिंडर चुकीचा धरला. मी सरळ उभी राहिले. केतकी आत बसली, गाडी गेली. थोड्या वेळाने भोंग्यावर आमच्या गाडीचा नंबर पुकारला. पेट्रोल भरताना गाडीला हात लावला म्हणून शिक्षा. केतकीला पुन्हा आत येऊन नुसतं थांबून राहावं लागलं. हिरवी गाडी पुढे गेली. केतकीने जिवाचं रान केलं, पण आम्ही दुसरे आलो.

मी तंबूच्या मागे जाऊन सूट काढला. डोळ्यांपुढून ब्रायनचे पांढरे केस हलत नव्हते. तीस वर्षांत जे झालं नव्हतं ते होता होता माझ्या हाताने राहिलं होतं.

मग नियम बघणारा एक दाढीवाला मार्शल आला. शिक्षा त्यानेच कळवली होती. बिचारा टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि केतकीला म्हणाला, "त्यांना विचारा, हात का लावला?"

केतकीने मला विचारलं नाही. तिला ठाऊकच होतं. "त्यांचा पाय गाडीला लागला," ती म्हणाली. "आमच्याकडे पाय लागला तर हात लावून माफी मागतात."

मार्शलने विचार केला. "मीही सॉरी म्हणालो असतो," तो म्हणाला. "पण गाडीला म्हणालो नसतो. शिक्षा तशीच राहील, हं."

"राहू दे," ब्रायन मागून म्हणाला. तो हसत होता, आणि ते हसू माझ्यासाठी आणलेलं नव्हतं, आतूनच येत होतं. "तीस वर्षं मी या गाडीला लाथा मारतोय. कुणीतरी माफी मागायलाच हवी होती."

सगळे हसले. मला मात्र त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. त्याने रागावून दोन शब्द बोलावे, मग बरं वाटेल असं झालं होतं.

घरी आल्यावर यांचा फोन आला. मी सगळं सांगितलं.

"नमस्कार केला म्हणून दंड?" हे म्हणाले. "आणि लाथ मारली त्याचा काय?"

"त्याचा नाही."

"भले. मग पुढच्या वेळी नुसती लाथ मार."

"अहो, चेष्टा नको. पुढची वेळ नाही. मी आता उभी राहणार नाही."

"बरं. म्हशीला पारडी झाली," हे म्हणाले आणि कॅमेरा पारडीकडे वळवला.

चेशर

ऑगस्टमध्ये उत्तरेला चेशरला गेलो. गेलो म्हणजे मी जेवणाचे डबे सांभाळायला गेले. सिलिंडर धरायला नितीनच्या ऑफिसातला एक मित्र आला होता, नागपूरचा. तो उभा राहिला आणि पूर्ण वेळ फोनकडे बघत होता. मी त्याला काही बोलले नाही, पण त्याच्या पायांकडे बघत बसले.

तो रस्ता मला सगळ्यांत आवडला. हिरव्या टेकड्या, जुनी झाडं, तळं, आणि त्यांच्या मधून गाड्या वर-खाली पळताहेत. पलीकडच्या कुरणात काळ्या-पांढऱ्या गाई चरत होत्या. एवढा आवाज होत होता तरी एकीनेही मान वर केली नाही. आमच्या पारडीने दावं तोडलं असतं.

इंजिन गरम झालं आणि गाडी वाफ सोडत बंद पडली. ब्रायन ट्रकवर बसून परत आला, राजासारखा हात हलवत. मॉरीन काठी टेकत उभी होती. तिने माझा हात धरला आणि काहीतरी म्हणाली. तिथे केतकी नव्हती, त्यामुळे शब्द कळले नाहीत. पण तिचा हात थंड होता. आता एकच शर्यत उरली होती.

पुन्हा स्लाऊ

सप्टेंबरच्या एका दुपारी दाराची घंटा वाजली. नितीन, केतकी कामावर होते. दारात मॉरीन, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. ती स्वतः गाडी चालवत आली होती.

मी चहा केला. आमचा, आलं घालून. तिने एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि मग दुसरा घेतला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. मला इंग्रजी येत नाही आणि तिला मराठी, त्यामुळे दोघींनाही घाई नव्हती. मी शेंगा सोलत होते, तिने काही न विचारता परातीतल्या शेंगा ओढून घेतल्या आणि सोलू लागली.

शेंगा संपल्यावर तिने पिशवीतून तो सूट काढला. धुतलेला, इस्त्री केलेला. बाह्या आणि पाय माझ्या मापाने आत दुमडून हाताने शिवले होते. शिवण इतकी बारीक की धागा दिसेना. असा जाड कपडा सुईने शिवायचा म्हणजे बोटांचं काय होतं ते मला माहीत आहे. सूट आता तिला स्वतःला कधी आला नसता. तिने तो माझ्या खांद्याला लावून बघितला, मान हलवली, काठी घेतली आणि गेली.

संध्याकाळी मी केतकीला म्हणाले, "त्या नागपूरच्या मुलाला येऊ नको म्हणावं."

लेस्टरशर

शेवटची शर्यत ऑक्टोबरच्या सुरुवातीला लेस्टरशर भागात होती. शेजारीच विमानतळ, त्यामुळे मला स्लाऊसारखंच वाटलं. सकाळी ऊन होतं पण तोंडातून वाफ निघत होती. मी सगळ्यांना गरम उपीट दिलं. दोन तंबू पलीकडचे ते हिरव्या गाडीचे भाऊही वाटी घेऊन आले. आमच्याकडे शर्यतीच्या दिवशी समोरच्या गाडीवाल्याने काही दिलं तर लोक बैलाला हुंगायलाही देणार नाहीत. इथे एकमेकांना पाने उसने देतात आणि मग त्याच पान्याने गाडी नीट करून एकमेकांना हरवतात.

खाताना वाद झाला. दर वेळी ब्रायन आधी चालवायचा आणि केतकी शेवटी, कारण ती जास्त वेगवान. ब्रायनचं म्हणणं आजही तेच करायचं. "मला जिंकायचंय. शेवटी तूच बस."

"तुमची शेवटची रेस आहे," केतकी म्हणाली. "शेवटचा झेंडा तुम्ही घ्या."

"आणि मी हरलो तर?"

"मग हर," मॉरीन म्हणाली. ती कप पुसत होती. "गाडी तुझी आहे. हरायचं तर तूच हर. त्या पोरीला कशाला हरायला लावतोस?"

केतकी आधी बसली.

केतकीने त्या दिवशी जे चालवलं ते मी कसं सांगू. हिरव्या गाडीला मागे टाकून ती लांब गेली. मी सूट घालून तयार उभी होते, आणि बाह्या मनगटाला बरोबर लागत होत्या. ती पेट्रोलला आत आली. इंजिन बंद. ती उतरून दूर झाली. नितीनने डबा लावला. समोर तोच दाढीवाला मार्शल उभा होता, माझ्याकडेच बघत. मी पाय एवढे जमिनीत रोवले होते की भूकंप झाला असता तरी हलले नसते. डबा रिकामा झाला. नितीन मागे सरला. मार्शलने मला अंगठा दाखवला. मला वाटलं आपलं काम झालं, आता नुसतं बघायचं.

पण बघणंच कठीण होतं. ब्रायन सावकाश चालवत नव्हता, तरी हिरवी गाडी दर फेरीला जवळ येत होती. आणि नितीनचा चेहरा उतरला होता.

"काय झालं?"

"केतकीने जोरात चालवली, गाडी पेट्रोल जास्त प्यायली. एका वेळी एकच डबा भरता येतो. ब्रायनला हळू जायला सांगावं तर हिरवी गाडी मागेच आहे."

"पुरणार नाही?"

"अगदी काठावर आहे, आई."

मग त्याने मला शेवट कसा होतो ते सांगितलं. वेळ संपली की सगळ्यांत वरच्या गटातला पहिला रेषेवर येतो. चौकड्यांचा झेंडा आधी त्याला दाखवतात. त्याच्यामागून जो जो रेषा ओलांडेल त्याची शर्यत तिथेच संपते. पण जो त्याच्या आधी रेषा ओलांडून गेला असेल त्याला आणखी एक पूर्ण फेरी मारून यावं लागतं.

वेळ संपली. लांबच्या वळणावर गाड्या दिसल्या. पुढे आमची पिवळी, तिला चिकटून हिरवी, आणि त्या दोघींच्या मागून काळी, सगळ्या शर्यतीत पहिली असलेली गाडी, वाऱ्यासारखी येत होती. तिने हिरवीला ओलांडलं. आता फक्त आमची पिवळी तिच्या पुढे, आणि शेवटचं वळण.

निळा झेंडा हलला.

"बाजूला झाला तर हिरवी घुसेल," केतकी म्हणाली. तिने माझा दंड इतका दाबला की नंतर काळानिळा झाला.

ब्रायन बाजूला झाला. घाई नाही, झटका नाही, बांधावर समोरून कुणी आलं की आपण जसं सरकतो तसा. काळी गाडी निघून गेली. त्या फटीत हिरवी आलीच. दोघी शेजारी शेजारी धावत आल्या. चौकड्यांचा झेंडा काळ्या गाडीसाठी पडला, आणि मग आमच्या समोरून दोघी गेल्या. पिवळीचं लांब तोंड पुढे होतं. तेवढंच पुढे होतं.

मॉरीनने कप खाली ठेवला.

मग पुढच्या वळणावर आमची गाडी हळू होत होत गवताच्या कडेला थांबली. पेट्रोल संपलं होतं. त्याने वाट दिली नसती तर आणखी एक फेरी लागली असती, आणि ती पुरी झाली नसती.

दोराने ओढून गाडी आत आणली. ओढत आणणारी गाडी हिरव्या भावांनी पाठवली होती. ब्रायनने काच खाली केली.

"मुद्दाम सोडलंत ना त्याला?" केतकीने विचारलं. "हिशेब करून?"

"कसला हिशेब? तो माझ्यापेक्षा वेगात होता," ब्रायन म्हणाला. "निळा झेंडा होता." मग त्याने मॉरीनकडे बघितलं आणि विचारलं, "कितवे आलो?"

मॉरीन खिडकीतून हात घालून त्याच्या हेल्मेटचा पट्टा सोडवू लागली. पट्टा सुटेना. मी गेले आणि सोडवला.

बक्षिसं वरच्या गटापासून सुरू झाली. आमचा गट शेवटचा, तोवर बघे घरी गेले होते. पण शर्यतीतली माणसं कुणी गेली नाहीत. ब्रायन पायरीवर चढला, केतकीला ओढून घेतलं, मग नितीनला, मग मॉरीनला, आणि मॉरीनने मला. मी त्या सूटमध्ये, टोपडं हातात, केस विस्कटलेले, एवढ्या लोकांसमोर उभी. लाजेने मेले असते एरवी. पण तिथे सगळे ब्रायनकडे बघत होते आणि मीही.

सामान भरून निघेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. ट्रेलर ओढणारी व्हॅन मॉरीन चालवणार होती, डॉक्टरने तेवढी परवानगी तिला दिली होती. मी तिच्याबरोबर पुढे बसले. मधल्या सीटवर ब्रायन, मांडीवर बक्षिसाचा कप. मी खिशातली खारी शेंग त्याला देणार तोच तो झोपला. तोंड उघडं, कप दोन्ही हातांत.

बाहेर पडायच्या फाटकाशी मोठ्या गटांचे ट्रक रांगेत उभे होते. आपल्या एस.टी.पेक्षा लांब, चकचकीत. आम्ही रांगेच्या शेवटी जाऊन थांबलो. पुढच्या ट्रकचा चालक आरशात बघत होता. त्याने ट्रक डावीकडे घेतला. मग त्याच्या पुढच्याने घेतला. एकामागून एक सगळे गवताच्या कडेला सरकले आणि मध्ये फाटकापर्यंत मोकळा रस्ता झाला.

मॉरीन तशीच बसून राहिली. मग तिने सावकाश व्हॅन पुढे घेतली. प्रत्येक ट्रकपाशी ती स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलत होती, आणि वरून कुणीतरी हात हलवत होतं.

मी ब्रायनकडे बोट करून खुणेने विचारलं, उठवू का?

तिने मान हलवून नको म्हटलं.